टेंटेटिव्ह होकार

नांदूरघाटच्या विठ्ठलरावांनी जन्मात कुणाला शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. समजलं नाही की गंभीर चेहऱ्यानं मान हलवायची, एवढंच त्यांना ठाऊक. गावच्या राजकारणात हे खपून गेलं. लेकीच्या लग्नात खपेना.

झालं असं, की प्रियदर्शनीला बघून गेलेल्या पुण्याच्या पाहुण्यांचा फोन आला. "आमच्याकडून टेंटेटिव्हली होकार समजा." विठ्ठलरावांना त्यातलं एकच ऐकू आलं, होकार. पुढचामागचा शब्द त्यांनी शोभेचा धरला. दुपारी पारावर पेढे वाटले आणि सुपारी कधी फोडायची ते आपल्या मनानंच ठरवून टाकलं.

प्रियदर्शनीनं आईला आधीच सांगितलं होतं, की तिला धारूरचा मुलगा पसंत आहे. बापाबरोबर बियाण्याच्या दुकानात बसतो, बोलायला सरळ आहे. त्या लोकांनी दोनदा विचारलंही. दोन्ही वेळा विठ्ठलरावांनी "बघू, कळवतो" म्हणून त्यांना ताटकळत ठेवलं. पुण्याचा इंजिनिअर म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

"आबा, टेंटेटिव्ह म्हंजे पक्कं न्हाई," लेक म्हणाली.

"होकार म्हणले की ते."

"हातचं राखून दिलाय. उद्या फिरवत्याल."

"लई शिकलीस तू," म्हणत ते उठले. छबुबाई भाकरी थापता थापता नवऱ्याकडं बघत राहिल्या. बोलून उपयोग नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

सकाळी विठ्ठलराव रानात गेले तर बांधापलीकडं, आश्रुबाच्या वावरात सिदूची मेंढरं बसलेली. ज्वारी निघाली की रानात रात्रीची मेंढरं बसवायची, लेंडीखत आयतं मिळतं. मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य द्यायचं. सिदू दरसाल आधी विठ्ठलरावांकडं यायचा.

"का रं सिदू, आमच्यात बसवायचं ठरलं व्हतं ना?"

"कुठं ठरलं, मालक? इचाराया आलतो, तुमी बघू म्हणलात."

"आरं, बघू म्हंजे व्हयच की."

"मला कसं कळावं? आश्रुबा 'ये' म्हणले, आलो. मेंढरं सांजच्याला कुठंतरी बसवावीच लागत्यात."

सिदूच्या बोलण्यात ना राग, ना टोमणा. तो आपला लंगडणाऱ्या कोकराचा पाय बघत होता. विठ्ठलराव मात्र बांधावरच बसले. लेकीनं सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता आपसूक शिरलं. बघू, कळवतो. इतकी वर्षं आपण हेच तर सगळ्यांना सांगत आलो आणि लोकांनी ते होकार समजून पदरात बांधून घ्यावं असं धरून चाललो. लाज वाटली त्यांना, खरीच वाटली.

त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. पाहुणे गोड बोलले. अजून एक-दोन ठिकाणी मुली बघायच्यात म्हणाले, गैरसमज नसावा म्हणाले.

मग धारूरला लावला. "पावणं, आमची पसंती हाय. पक्की."

पलीकडून मुलाच्या बापानं विचारलं, "तुमच्याकडं तर पेढे वाटले म्हणं?"

"चुकलं माझं."

"बघू की. पोराला इचारतो, मंग कळवतो."

विठ्ठलराव घरी आले तेव्हा प्रियदर्शनी दारातच उभी होती. आश्रुबाच्या पोरानं येऊन आधीच सांगितलं होतं, की तुझा बाप बांधावर बसून धारूरला फोन करतोय.

"काय म्हणले, आबा?"

एरवी त्यांनी मान हलवली असती, होईल गं म्हणून वेळ मारून नेली असती. आज त्यांनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि जे होतं तेच सांगितलं.

"टेंटेटिव्ह," ते म्हणाले.