हाडातला खुंटा

मी एक खुंटा बोलतोय. मला कुणी बैल बांधत नाही की गोठ्याशी माझा काही संबंध नाही. ढाणकीजवळच्या एका गावात दीपमाला नावाची बाई राहते. तिच्या डाव्या मांडीच्या हाडात मी चार बोटं रुतलेलो आहे आणि दोन बोटं कातडीबाहेर डोकावतो. त्या बाहेरच्या टोकाला तिचा कृत्रिम पाय अडकतो. दवाखान्यात मला इम्प्लांट म्हणतात. ‘खुंटा’ हे नाव तिच्या सासूनं, मथुराबाईंनी ठेवलं आणि मला तेच आवडतं. खुंट्याचं काम एकच, हलायचं नाही.

माझा जन्म भुकटीतून झाला. टायटॅनियम नावाच्या धातूची करडी भुकटी पसरायची, तिच्यावर लेझरचा किरण फिरवायचा, एक थर घट्ट झाला की त्यावर दुसरा. नागपूरच्या एका कारखान्यात मी असा तासन् तास इंचाइंचानं वाढलो. पण माझा नकाशा काढला यवतमाळच्या मितालीनं. ही इंजिनियर मुलगी. आईवडील दोघंही कचेरीत नोकरी केलेले, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि ही पोरगी खाटकाकडून बकऱ्याची हाडं आणून फ्रीजमध्ये ठेवायची! तिची आई शीलाताई एकदा दही काढायला गेली आणि किंचाळलीच. शेवटी मागच्या खोलीत वेगळा फ्रीज आला, तेव्हा कुठं त्या घरात शांतता झाली.

त्या हाडांत माझे थोरले भाऊ ठोकले गेले. पहिला गुळगुळीत होता, ओढला की सुळकन बाहेर. दुसरा इतका खरखरीत की ठोकतानाच हाड तडकलं. मितालीनं दोघांना कपाटात टाकलं आणि पुन्हा बसली. असे अकरा झाले, मी बारावा. माझ्या अंगावर खसखशीच्या दाण्याहून बारीक छिद्रं आहेत, एकमेकांना आतून जोडलेली. मेलेलं हाड त्यांत शिरत नाही. जिवंत हाड मात्र शिरतं, हळूहळू, त्याला वाटलं तर. लोकांना वाटतं, खुंटा हाडाला धरतो. साफ खोटं. धरतं ते हाड. मी नुसती जागा ठेवून वाट बघायची.

दीपमालाचा पाय तीन वर्षांपूर्वी गेला. कापूस वेचणीच्या बाया शेतावर नेणारी ट्रॉली उलटली आणि गुडघ्याच्या बऱ्याच वरून पाय कापावा लागला. मांडी एवढीशी उरली की बाहेरून चढवायचा पाय त्यावर टिकेना. घामानं सटके, कातडी सोलून निघे. दोन पाय बदलून झाले आणि मग ती घरात हातांवर सरपटू लागली. ही बाई एके काळी सासूच्या जोडीनं कापसाची ओळ, म्हणजे तास, धरायची, आणि या सासूसुनांच्या पुढं गावात कुणी वेचायचं नाही. दवाखान्यात मितालीनं तिला पहिल्यांदा विचारलं, “पाय बसला तर काय करायचंय?”

“वेचणीले जायचं हाय,” दीपमाला म्हणाली. “बसून बसून मी मरून राह्यली, म्याडम.”

डॉक्टरांनी मला ठोकून बसवलं. हातोडीच्या प्रत्येक घावाला आवाज बदलत गेला आणि शेवटी खणखणीत झाला, तेव्हा ते थांबले. जखमा भरल्या. मग मितालीनं एक तक्ता दिला. माझ्या बाहेरच्या टोकाला सरावाचा साधा दांडा लावायचा, तो वजनकाट्यावर टेकवायचा, दुसरा पाय बाजूच्या विटेवर. पहिल्या आठवड्यात काटा दहा किलो दाखवेल इतकाच भार. मग दर आठवड्याला पाच पाच वाढवायचे. हाडाला भार मिळाला तर ते वाढतं, जास्त मिळाला तर मी हलतो. एकदा हललेल्या खुंट्याला हाड पुन्हा सहसा धरत नाही.

“घरी काटा आहे का हो?” मितालीनं विचारलं.

“शेजारच्या ओट्यावरच हाय. क्विंटलचा,” मथुराबाई म्हणाल्या. “कापूस घेणाऱ्या शेठचा. आपल्याले कोणी नाही म्हणत नाही.”

मिताली खूश झाली. मोठा काटा, लाल आकडे, शेजारीच. मीही खूश झालो, तेव्हा मला तरी काय कळत होतं?

दीपमाला एका दिवसाचीही चूक करणारी नव्हती. सकाळ-संध्याकाळ कुबड्यांवर ओटा चढायची, दात-ओठ खाऊन आकड्याकडे बघत उभी राहायची. दहा म्हणजे दहा. पहिल्या आठवड्यात मला हाडाची कोवळी धुगधुगी जाणवली. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या छिद्रांशी आली. चौथ्या आठवड्यात, लाल आकडा पंचवीसवर असताना, मी हललो. केसभर. पण मला कळलं, आणि ठणका लागून तिलाही कळलं. तिनं ओठ आवळले आणि कुणाला सांगितलं नाही. वेचणी तोंडावर आली होती.

पाचव्या आठवड्यात एक्स-रेचा फोटो काढला. माझ्याभोवती काळी बारीक रेघ दिसली. डॉक्टर स्पष्ट बोलले, “महिनाभर भार बंद. रेघ वाढली तर हा काढावा लागेल. आणि काढला तर उरलेल्या हाडात दुसरा बसणार नाही.” म्हणजे मी गेलो की तिचा पायही कायमचा गेला.

मिताली दुसऱ्याच दिवशी एसटीनं गावात आली. तिचा चेहरा उतरला होता. रात्रभर तिनं माझा नकाशा तपासला होता, स्वतःलाच दोष दिला होता. “ताई, सराव कसा केला ते मला जसंच्या तसं दाखवा. भार न देता,” ती म्हणाली. दीपमालानं ओट्यावर जाऊन दाखवलं. वीट बरोबर, दांडा बरोबर, तक्ता बरोबर. मिताली काट्याकडे बघत होती, तिला काही सापडेना.

तेवढ्यात मथुराबाई सहज बोलून गेल्या, “काटा तसा खाते म्हना. पन तो कापसाले.”

“खातो म्हणजे?”

“दहा किलोले दीड खाते. साऱ्या गावाले मालूम हाय.”

मिताली काट्याकडे वळली. “मग ताईंना का नाही खाणार?”

दीपमालानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं फार सोपी गोष्ट विचारली होती. “मी कुठं कापूस विकून राह्यली होती, म्याडम? विकत नाही त्याले कायले मारीन तो काटा?”

सासूसुना दोघी हुशार. चाळीस वर्षं कापूस वेचून मथुराबाईंच्या हाताला गाठोड्याचं वजन नुसतं उचलून कळतं. पण या गावात काट्याची चोरी इतकी मुरलेली की ती त्यांना काट्याची वाटतच नव्हती, सौद्याची वाटत होती. शेठ कापूस मोजताना काही तरी करतो, एरवी काटा सरळच असतो, असा सगळ्यांचा समज. खरं म्हणजे काटा कायमचाच बिघडवलेला होता. त्यानं पंचवीस दाखवायला खरे साडेएकोणतीस किलो लागायचे. एवढं माझ्याभोवतीच्या कोवळ्या हाडाला झेपण्यासारखं नव्हतं. काटा शेठचा हे ऐकूनही तो खरा आहे का हे विचारायचं शिकलेल्या मितालीलाही सुचलं नाही, म्हणून मी तिला मोकळं सोडत नाही.

मला राग आला, तो लपवत नाही. माझ्या अंगातलं एकेक छिद्र जपून काढलं होतं, आणि मला पाडत होता एका ओट्यावरचा लबाड काटा!

मथुराबाई मात्र रडल्या. “माह्यामुळं झालं,” म्हणाल्या. दीपमालानं त्यांना रडू दिलं आणि मग विचारलं, “म्याडम, पहिल्यापासून कराचं म्हनलं तं हाड धरीन का?”

“सांगता येत नाही, ताई. खोटं बोलणार नाही.”

“मंग करू. घरी बसून तं नाहीच धरनार.”

महिनाभर तिनं माझ्यावर गवताची काडीही ठेवली नाही. त्या महिन्यात मी काय केलं, तर काहीच नाही. हललो तर संपलो, एवढंच मनाशी धरून निपचित पडून राहिलो. गावातल्या बाया भल्या पहाटे वेचणीला जायच्या, त्यांच्या हसण्याचा आवाज घरात यायचा, आणि ही खाटेवर बसून कातडीतून मी बाहेर येतो तिथली जागा स्वच्छ पुसायची. “धर रे बाप्पा,” एवढंच म्हणायची. ती मला नव्हे, हाडाला म्हणत असणार, पण ऐकणारा मीच.

मितालीनं नवा काटा आणला. तो घरात आला तेव्हा मथुराबाईंनी आधी त्यावर सीलबंद तेलाचा डबा ठेवला, मग सिमेंटचं न फोडलेलं पोतं, आणि दोन्ही आकडे पटल्यावरच सुनेला हात लावू दिला. पुन्हा दहापासून सुरुवात. पाच, पाच, पाच. वेचणीचा हंगाम निघून गेला. दीपमालानं एकदाही आकडा ओलांडला नाही आणि ठणका आला की आता ताबडतोब सांगू लागली.

उन्हाळ्यात पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढं धरला, फिरवला, पुन्हा धरला. रेघ नव्हती. हाड माझ्या छिद्राछिद्रांत शिरलं होतं. आता कुणी मला ओढलं तर आधी हाड मोडेल. एवढं घट्ट मला या जन्मात कुणी धरलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

तर असा मी आहे. आता अंगावर रोज एका बाईचा अख्खा भार पेलतो. मितालीच्या तक्त्यावर हल्ली सगळ्यात वर एक प्रश्न छापलेला असतो, ‘काटा कुणाचा आहे?’ माझी तुम्हाला विनंती एवढीच. तुमच्यापैकी कुणी पुढं माझ्यासारखे खुंटे घडवणार असाल, तर आमच्या छिद्रांवर जितकी मेहनत घ्याल तितकीच त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसायलाही घ्या. हाड दवाखान्यात वाढत नाही, घरी वाढतं.

निघताना परवाचं तेवढं सांगतो. दीपमाला नव्या पायावर अंगणातून शेताकडं निघाली. मथुराबाई मागं, हात पसरून, न धरता. दहा-बारा पावलं गेली आणि दीपमाला थबकली. मथुराबाई घाबरल्या. “काय झालं वो? दुखते का?”

“पायाखाली काहीतरी हाय, आत्याबाई.”

“कोन्त्या पायाखाली?”

“ह्या. डाव्या.”

तो पाय रबराचा. पण माझं हाडाशी एवढं सूत जमलं होतं की जमिनीचा धक्का माझ्यातून थेट तिच्यापर्यंत पोचत होता. मथुराबाई खाली बसल्या आणि टाच उचलून बघितली. खाली हरभऱ्याएवढा खडा होता. त्या तो काढू लागल्या, तर दीपमालानं त्यांचा खांदा धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“राहू द्या, आत्याबाई,” ती म्हणाली. “जराशीक टोचू द्या.”