मुळावरच्या गाठी

सुरबालाने मुगाचं एक रोप बुडाशी धरलं, खुरप्याने माती सैल केली आणि मुळासकट अलगद वर काढलं. बांधावर तिचा धाकटा दीर निरापद छत्री टेकून उभा होता.

"वहिनी, चैत्रापर्यंत थांब म्हणालीस, थांबलो. आता ही जमीन माझ्या कोळंबीच्या तळ्याला जोडून टाक. मिठात कसला मूग पिकवतेस?"

सुरबालाने मुळांवरची माती झटकली. सहा वर्षांपूर्वी त्यानेच नदीच्या बंधाऱ्यातून नळ घालून कोळंबीसाठी भरतीचं खारं पाणी आत घेतलं होतं. तेव्हापासून तिच्या दोन बिघ्यांवर पांढरं मीठ फुलायचं आणि मूग वीतभर वाढून पिवळा पडायचा.

माघात तिची सून वीथिका शेतकी केंद्रातून काळ्या भुकटीची पुडी घेऊन आली होती. बंधाऱ्यावरच्या खाऱ्या मातीत तगणाऱ्या रानशेंगांच्या मुळांतले जिवाणू त्यात होते. गुळाच्या पाण्यात कालवून तिने ते बियाण्याला चोळले आणि पेरणीवर भाताचा पेंढा अंथरला.

"बियाण्याला हळद लावतेस का गं?" सुरबाला हसली होती. अर्ध्या शेतात तिने हट्टाने तसंच, कोरडं बी पेरलं होतं.

तिच्या अर्ध्यात आज नुसत्या काड्या उभ्या होत्या. सुनेच्या अर्ध्यात पाला गुडघ्याला लागत होता.

उपटलेल्या रोपाच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. सुरबालाने एक नखाने फोडली. आत गुलाबी होतं.

"गुलाबी म्हणजे जिवंत, आई," वीथिका म्हणाली. "आत जिवाणूंचं काम चालू आहे."

निरापद बांध उतरून आला. ते रोप त्याने हातात घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं.

"यंदाही कोळंबी मेली," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या जमिनीत लागेल हे?"

सहा वर्षांचं साचलेलं सगळं सुरबालाच्या ओठांशी आलं. तिने खुरपं गवताला पुसलं.

"आधी नळ बुजव. दोन पावसाळे मीठ धुऊन जाऊ दे. बियाणं मी राखून ठेवते."

तो छत्री उचलून निघून गेला.

"काकांना राग आला वाटतं."

"येऊ दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याकडून फावड्याचा आवाज आला. कमरेपर्यंत चिखलात उतरून निरापद एकटाच नळाच्या तोंडाशी माती ठासत होता.

सुरबाला दारात उभी राहून पाहत राहिली. मग आत वळून सुनेला म्हणाली,

"तांदूळ एका माणसाचे जास्त टाक."