दहा बेचाळीसचा मुहूर्त

वेल्लवायच्या स्टँडवर यसवती उतरली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि तिकडे तंगल्लच्या विहारात तिच्या पसिंदूला भिक्खूचं चीवर द्यायचा मुहूर्त होता दहा बेचाळीसचा. विहाराचे थोरले भंतेजी स्वच्छ म्हणाले होते, "आई समोर येऊन नाही म्हणाली, तर मी चीवर देणार नाही. गप्प राहिली, तर होकार धरीन."

महिनाभर यसवती गप्पच होती, पण रुसून. काल नवरा सिरिपाल सगळ्या गोतावळ्याला व्हॅनमध्ये घालून गेला, तेव्हाही ती चुलीपुढून उठली नाही. पहाटे मात्र तिला अंथरूण धरवेना. बावीस वर्षांचं एकुलतं एक पोर! नाही म्हणायला देवानं तोंड दिलंय आणि जायला रस्त्यावर बस आहे, मग बसून काय राहिलीस, बाई?

स्टँडवर लाल सरकारी बस उभी होती, ती सातला सुटणार. शेजारी खाजगी बस नुसती गुरगुरत होती. कंडक्टर दाराला लोंबकळून ओरडत होता, "चला तंगल्ल, मातर! निघालीच, निघालीच!"

या रस्त्यावर केस पिकलेल्या बाईनं त्या 'निघालीच'ला भुलू नये. पण उतावळ्या जिवाला हलती गाडी आपली वाटते. यसवती चढली आणि पुढच्याच सीटवर बसली.

बस निघाली ती वरातीच्या घोड्यासारखी. केळ्यांचं दुकान दिसलं की थांब, गल्लीचं तोंड दिसलं की थांब. यसवतीनं सीटचा दांडा गच्च धरला होता, जणू तिच्या जोरावरच गाडी पुढे जाणार होती.

"अरे बाळा, गाडी हाकताय की ढकलताय?"

"अम्मा, लाल बस आरशात दिसू दे, मग बघा आमचा वेग. तोवर वाटेवरचं माणूस आमचं," कंडक्टर म्हणाला. "एवढी घाई होती तर विमानानं जायचं!"

सगळी बस हसली.

"दहा बेचाळीसला माझा मुलगा भिक्खू होतोय रे!"

हसू जागच्या जागी विरलं. "साधू, साधू!" चार तोंडांतून एकदम धन्यतेनं निघालं. एक म्हातारी तर उठून तिच्या पाया पडली. "केवढी भाग्याची कूस! अरे ए ड्रायव्हर, दाब की जरा! आईला पोचव मुहूर्ताला!"

ती मुलाला थांबवायला चालली होती, हे यसवतीनं सांगितलं नाही.

तेवढ्यात आरशात लाल बस उगवली आणि गाडीनं अशी काही उसळी घेतली की पोती, पोरं, कोंबड्या सगळं मागे गेलं. पण तनमल्विलला बोधिवृक्ष आला. ड्रायव्हर थांबला, कंडक्टर उडी मारून सुखरूप प्रवासासाठी दानपेटीत नाणं टाकायला पळाला, आणि लाल बस भोंगा वाजवत पुढे गेली. यसवतीनं हात जोडले खरे, पण डोळे घड्याळावर होते. बुद्धासमोर आपण असे हात कधी जोडले नव्हते, हे तिला टोचलं.

वीरविलला एक तरुण भिक्खू चढले. पुढची सीट भिक्खूंचीच असते, यसवती उठली. शेजारची जागा रिकामी राहिली. पुढच्या दाराशी होत्या सगळ्या बाया, आणि बाईमाणसानं भिक्खूशेजारी बसायचं नसतं. वळणावळणावर लोंबकळत ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

शेवटी तिच्यानं राहवेना. "भंतेजी, आई आहे?"

"आहे ना. दर पौर्णिमेला येते, याच बसनं. चप्पल झिजली म्हणून सगळ्यांदेखत रागावते."

"जवळ बसते?"

"खाली, चटईवर. माझ्या दीक्षेला आली नव्हती. रागानं. तेवढं एक तिच्या मनातून जात नाही."

"आणि तुम्ही? सुखी आहात?"

"या बसमध्ये बसायला मिळाल्यावर होतो, त्याहून थोडा जास्त," भंतेजी हसले.

तंगल्लला उतरून विहाराच्या पायऱ्या चढताना तिचा ऊर फुटायला आला होता. वर पसिंदू पांढऱ्या वस्त्रात उभा होता. डोकं तुळतुळीत, कान मात्र लहानपणचेच. तिला बघून सिरिपालचा चेहरा उतरला.

"या, अम्मा," थोरले भंतेजी म्हणाले. "बोला. सात मिनिटं आहेत."

यसवतीनं मुलाकडे पाहिलं. "तुला हेच हवंय?"

"हो, अम्मा." आवाज हलला नाही. डोळे मात्र हलले.

ती तिथंच पायरीवर टेकली. पदरानं तोंड पुसलं. मग शेजारच्या दगडावर हात आपटला.

"मग तोवर इथं बस. माझ्या शेजारी."

तो बसला, खांद्याला खांदा लावून.

"सहा," सिरिपाल हळूच म्हणाला.

"मोजू नका हो," ती म्हणाली.