एक्केचाळीस मुली आणि दोन बोटी

मागणीच्या कागदावर एक्केचाळिसावी सही मिळाली तेव्हा डावरीला वाटलं, झालं, जिंकली लढाई. सॉफ्टबॉलला मैदानात नऊ मुली लागतात. म्हणजे हिच्याकडे चार संघ होऊन वर पाच उरत होत्या. विद्यापीठ अवाढव्य. मुलांचा फुटबॉल संघ होता, राखीव संघ होता, राखीवांनाही राखीव होते. मुलींचा सॉफ्टबॉल तेवढा नव्हता, आणि का नाही ते कुणाला ठाऊक नव्हतं.

डावरी डाव्या हातानं चेंडू टाकायची, असा की घराच्या भिंतीचा गिलावा पडायचा. वडील गवंडी, म्हणून निभावत होतं. "टाक तू," ते म्हणायचे, "मी लिंपतो." पण वर्षअखेरीला तिला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती आणि पंचविशीनंतर विद्यापीठाकडून खेळता येत नाही. हे वर्ष, नाहीतर कधीच नाही.

क्रीडा अधिकाऱ्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी सह्यांचा कागद दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांत पाणी येतंय की काय असं झालं. "एक्केचाळीस! बरोब्बर एक्केचाळीस! पोरी, तू देवासारखी धावून आलीस."

देव म्हणवून घेतलेली डावरी वीस दिवस वाट बघून पुन्हा गेली.

"संघ कधी निघणार, साहेब?"

"आता गरजच नाही उरली," साहेब प्रसन्नपणे म्हणाले. "बस. त्याचं काय आहे बाळ, खेळाडूंच्या यादीत मुलगे जितके, तितक्याच मुली लागतात. आमच्याकडे नेमक्या एक्केचाळीस कमी. तपासणीवाले मानगुटीवर बसलेले. आकडा जुळला नसता तर मुलींचा नवा खेळ काढावाच लागला असता. बहुतेक सॉफ्टबॉलच."

"मग?"

"मग तू आणून दिल्यास की."

त्यांनी रजिस्टर फिरवून तिच्यापुढं सरकवलं. नौकानयन, मुली. चोपन्नाव्या क्रमांकावर ती स्वतः. आत लावलेला सह्यांचा कागद तोच होता. फक्त वरच्या दोन ओळी कापून दुसऱ्या चिकटवल्या होत्या. डिंकाचे ओघळ तसेच दिसत होते.

"साहेब, मी जन्मात बोटीत बसले नाही."

"कुणीच बसत नाही. मुली चौऱ्याण्णव, बोटी दोन."

"एका बोटीत किती जणी?"

"आठ. आणि त्यातली एक गळते."

"मग बाकीच्या काय करतात?"

"खेळाडू असतात."

डावरी यादी वाचत राहिली. "ही सत्तावीस नंबरची... ही गेल्या वर्षी वारली. माझ्या वर्गात होती."

साहेब गंभीर झाले. "हो. फार गुणी मुलगी. तिचं नाव खोडायला हात धजत नाही."

"मला दोन्ही खेळ खेळता येतील?"

"वर्षाला एकच. नियम आहे."

जिना उतरताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. एक्केचाळीस जणींनी नावं काढून घेतली की आकडा पुन्हा तुटणार, आणि साहेबांना झक मारत सॉफ्टबॉल काढावा लागणार. ती थेट ढालीकडं गेली. ढाल म्हणजे तिची कॅचर. आठ वर्षं तिच्यासमोर उकिडवी बसून तिचे चेंडू झेलणारी. ढाल ऐकेल, आणि ढालीचं बाकीच्या ऐकतील.

ढाल तळ्याकाठच्या बाकावर बसली होती. अंगात नवा कोरा ट्रॅकसूट, पाठीवर वल्ह्याचं चित्र.

"तू पण?"

"फुकट मिळाला. सगळ्यांनी घेतलेत."

"काढ तो. नाव मागं घ्यायचंय."

"खेळाडूंना परीक्षेत दहा गुण जास्तीचे मिळतात, डावरे. मी नेहमी सातानं गटांगळी खाते. तुला माहितीये."

"अगं, पण तू वल्हं हातात तरी धरलंयस का?"

"नाही. आठ वर्षं तुझा चेंडू धरला." ढालीनं ट्रॅकसूटची बाही मागं सारून वाकडी झालेली करंगळी दाखवली. "तुझा हात आहे. माझे गुडघे होते. ते गेले. इथं नुसतं काठावर बसायचं असतं."

"मला एकच वर्ष उरलंय गं."

ढालीनं तळ्याकडं पाहिलं. गळकी बोट काठाला बांधली होती. दोघीजणी डब्यानं तिच्यातलं पाणी उपसत होत्या. बाकीच्या खेळाडू टाळ्या वाजवत होत्या.

"बस ना," ढाल सरकून म्हणाली. "जागा आहे."

डावरी बसली नाही. बाकीच्या एकोणचाळीस जणींनाही ती भेटली, एकेकीला गाठून. सगळ्या नीट बोलल्या. सगळ्यांचे ट्रॅकसूट मापाचे होते.

चौथ्या दिवशी ती एकटीच साहेबांसमोर उभी राहिली.

"नाव काढा माझं."

"अवश्य," साहेब म्हणाले. "शंभर नावांत एक कमी पडलं तरी चालतं आम्हाला. कारण?"

"मला सॉफ्टबॉल खेळायचाय."

"असा रकाना नाही. तीनच आहेत. आजारपण, लग्न, आवड नाही."

"मी ठणठणीत आहे."

"लग्न?"

"नाही."

साहेबांनी तिसऱ्या रकान्यात खूण केली, तिची सही घेतली आणि तपासणीवाल्यांना द्यायचं उत्तर तिथंच लिहायला घेतलं. इतक्या मोठ्या विद्यापीठात मुलींचा सॉफ्टबॉल संघ का नाही, असं तपासणीवाल्यांनी विचारलं होतं. भाषा बरोबर आहे ना, म्हणून साहेबांनी तिला वाचूनही दाखवलं:

"मागणी करणाऱ्या एक्केचाळीस मुलींपैकी चाळीस जणींनी नौकानयन पसंत केले. उरलेल्या एकीने आवड नसल्याचे लेखी कळवले आहे. सही सोबत जोडली आहे."