गोंडा म्हणजे

बाबांना झटका आला तेव्हा ते उशांसाठी गोंडे करत होते. दुपारचे तीन वाजले असतील. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले. खिडकीखाली लांब टेबल, भिंतीला खुंट्यांवर रेशमाच्या आणि लोकरीच्या लडी, कोपऱ्यात आईची खुर्ची. आई झालरी कापत होती. ती म्हणते, त्यांच्या हातातून दोरा सुटला, तो धरायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

बाबा म्हणजे बोलका माणूस. गिऱ्हाईक एका गोंड्यासाठी आलं तरी त्याला अर्धा तास ऐकून घ्यावं लागे. विषय एकच. लोकांना वाटतं गोंडा शोभेसाठी असतो, तर तसं नाही. कापड मागावरून उतरलं की त्याच्या टोकाचे धागे सुटे राहतात. कुणीतरी ते उसवू नयेत म्हणून मूठभर धाग्यांची गाठ मारली. "आधी गाठ, मग गोंडा," असं म्हणून बाबा थांबत आणि गिऱ्हाइकाकडे बघत. पुढे ती गाठ कुणाला तरी आवडली. मग ती राजाच्या छत्राला लागली, घोड्याच्या कपाळावर आली, शिपायाच्या टोपीवर चढली आणि उतरत उतरत तान्ह्या पोराच्या लोकरी टोपीवर जाऊन बसली. कुत्र्याची शेपटी झुपकेदार दिसली म्हणून तिलाही लोक गोंडा म्हणाले. आणि शेवटी साहेबापुढे शेपटी हलवणारा माणूससुद्धा गोंडा घोळायला लागला. "बिचारा शब्द निघाला कुठून आणि पोचला कुठे," असं म्हणून ते पुन्हा कामाला लागत.

मी शब्दकोशाच्या कचेरीत सतरा वर्षं काम करतेय. एका शब्दाचे अर्थ सुटे करायचे, क्रमाने लावायचे आणि प्रत्येकाला छापील आधार शोधायचा, ही माझी नोकरी. बाबांच्या या कथेतला शेवटचा भाग मला पटत होता. तो पुस्तकांत होता. पण गाठीची गोष्ट मी दुकानदाराची बढाई समजून सोडून दिली होती.

रुग्णालयात नऊ दिवस ते काहीच बोलले नाहीत. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "गोंडा."

आईला वाटलं काम आठवलं. ती घरी जाऊन एक निळा गोंडा घेऊन आली. बाबांनी तो डाव्या हाताने पलंगावरून खाली ढकलला. "गोंडा," ते वैतागून म्हणाले. मग टेबलावरच्या तांब्याकडे बघितलं. त्यांना पाणी हवं होतं.

तिथे वाचा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं. "त्यांना पाणीच म्हणायचं असतं. मनात पाणीच असतं. तोंडातून बाहेर पडताना मात्र हा एकच शब्द सापडतो. काहींना शिवी सापडते, काहींना एखादा आकडा. तुमच्या बाबांना हा सापडला."

"पण हाच का?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. हाताशी होता, म्हणून असेल."

घरी आणल्यावर महिन्याभरात आईला त्यांचं सगळं कळायला लागलं. मला काहीच कळेना. अर्थ लावण्याचा पगार घेणारी मी, आणि वडिलांनी "गोंडा" म्हटलं की आईच्या तोंडाकडे बघत बसायची. शेवटी मला येत होतं तेच मी केलं. कचेरीतून कोऱ्या चिठ्ठ्या आणल्या आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवायला लागले: वेळ, आवाज, हात कुठे होता, अर्थ काय निघाला. तुटक आणि हनुवटी वर असेल तर हो. तुटक आणि नजर खाली, तर नको. लांबवून, शेवटी चढवून, म्हणजे कोण आलं. ओठ मिटून अर्धवट, म्हणजे पाय दुखतोय पण सांगायचं नाही.

"तू लिहीत बस," आई म्हणायची. "त्यांचा चहा गार होतोय."

एक दिवस मी चिठ्ठी लिहिता लिहिता थांबले. मी नुकतीच घरी आले होते, चप्पल काढत होते. बाबा आईला म्हणाले, "गोंड्याला गोंडा." आई उठली आणि मला पाणी घेऊन आली.

मी त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं, जरा चिडूनच. गोंड्याला. गोंडाला नव्हे. म्हणजे शब्द सगळे गेले होते, पण शब्दाला प्रत्यय लावताना त्याचं रूप कसं बदलायचं, ते गेलं नव्हतं. मग मी कान देऊन ऐकायला लागले. कपाटात ठेव म्हणताना "गोंड्यात". खिडकीवरच्या पाखरांकडे बोट करून "गोंडे". आम्हा दोघींना एकदम हाक मारताना "गोंड्यांनो". घर जळून जावं, भांडी, कपडे, खाटा सगळं जावं, आणि वासे मात्र जिथल्या तिथे उभे राहावेत, तसं काहीतरी मी बघत होते. हे कुणीही त्यांना कधी शिकवलं नव्हतं. ते चौथीनंतर शाळेत गेले नव्हते.

मी चिठ्ठ्या आमच्या संपादकांना दाखवल्या. फार कडक माणूस, कचेरीत त्यांना सगळे मागून "कात्री" म्हणतात. त्यांनी सगळ्या एक्केचाळीस चिठ्ठ्या वाचल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "एका माणसाचा अर्थ कोशात जात नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"तरी लिहीत राहा," ते म्हणाले. आणि पुढच्या रविवारी स्वतःच घरी येऊन तासभर बाबांसमोर बसून त्यांचं ऐकून गेले.

त्याच सुमारास बाबांचे चुलत भाऊ यायला लागले. आमच्या पुढच्या खोलीवर त्यांचा कधीपासून डोळा होता. "वहिनी, दादा म्हणजे आमचं दैवत," असं सुरू झालं की त्यांना थांबवणं कठीण. बाबा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी डावा हात मागे कमरेपाशी नेला, दोन बोटं हलवली आणि म्हणाले, "गोंडा." आई पदर तोंडाला लावून आत पळाली. काकांना काय कळलं कुणास ठाऊक, पण ते पुन्हा आले नाहीत. बाबांनी ते मुद्दाम केलं की योगायोग होता, मी ठरवू शकले नाही. त्या चिठ्ठीवर मी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं.

सहाव्या महिन्यात नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले. बगलेत कागदात गुंडाळलेलं, भोपळ्याएवढं काहीतरी होतं. त्यांचा जुना पडदा आता काढून ठेवायचा होता. तो कुणाच्या काळातला हे तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या दिवेवाल्यालाही सांगता येत नव्हतं. नवा पडदा शिवून तयार होता. त्याच्या दोन्ही टोकांना जुन्यासारखेच गोंडे हवे होते. नमुना म्हणून त्यांनी एक गोंडा पडद्याच्या वीतभर तुकड्यासकट कापून आणला होता.

आई म्हणाली, "आता नाही जमायचं. त्यांचा हात चालत नाही, आणि मला एवढा मोठा कधी केलेला आठवत नाही."

"गोंडा," बाबा म्हणाले. तुटक, हनुवटी वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल मोकळं करून आम्ही तो गोंडा मधोमध ठेवला. कसा बांधलाय ते बघायला सोडवणं भाग होतं. बाबा डाव्या हातात छोटी कात्री घेऊन बसले. कापायचे ते, धरायची आई, आणि सुटलेले धागे मी बाजूला लावायचे.

वरचा थर लाल लोकरीचा होता, कसर लागलेला. तो निघाला तर खाली हिरवं रेशीम. आम्हाला वाटलं लाल लोकरीला आधार म्हणून ते भरलं असेल. पण नाही, त्याला स्वतःची मान, म्हणजे डोक्याखालची आवळलेली पट्टी, होती, नीट विणलेली, सात पदरांची. तो एक पुरा गोंडा होता. कुणीतरी जुना न काढता त्याच्यावर नवा चढवला होता. रेशमाखाली जरीची तार निघाली, काळी पडलेली, बोटांना लागेल अशी. तिच्याखाली जाड पांढरं सूत. प्रत्येक थराची गाठ वेगळी होती, प्रत्येकाचा हात वेगळा. आई एकेका गाठीला बोट लावून म्हणत होती, "हा डावखुरा होता. हा घाईत होता. ही बाई असणार, बघ किती बारीक टाका आहे."

बारा वाजून गेले. आम्ही कुणी जेवायला उठलो नाही.

सुताखाली लाकडाचा लट्टू असणार, मोठ्या गोंड्यात तो असतोच. मी चाकू घेतला तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांनी शेवटचे वेढे बोटांनी सोडवले. आत लाकूड नव्हतं. आत मूठभर करड्या धाग्यांची एक साधी, ओबडधोबड गाठ होती, लहान मूल नाडीला मारेल तशी. धागे गाठीतून वर जात होते. मी त्यांच्यामागे बोट नेत गेले. ते कुठेच संपले नाहीत. ते सरळ त्या वीतभर कापडात शिरले आणि त्याचं कापड झालं. कुणी बाहेरून लावलेले नव्हतेच ते. पडद्याचे स्वतःचे, टोकाला सुटे राहिलेले धागे होते. ते उसवू नयेत म्हणून कुणीतरी गाठ मारली होती.

खोलीत रस्त्यावरच्या सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या. बाबांनी त्या गाठीवर अंगठा ठेवला.

"गोंडा," ते म्हणाले. अगदी हळू.

"हो," आई म्हणाली. "दिसलं."

माझ्या हातात पेन्सिल होती. ते काय म्हणाले हे मला कळलं नाही असं नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदाच आईच्या तोंडाकडे न बघता मला कळलं होतं. पण ते फोडून, एक, दोन, तीन करून लिहिता येईना. ती गाठ मारणाऱ्या माणसाला गोंडा हा शब्द ठाऊक होता का? त्याला नाव द्यावं असं काही आपण करतोय हे तरी ठाऊक होतं का? संध्याकाळच्या खेळाला पडदा उसवू नये एवढंच त्याच्या मनात असेल. मी चिठ्ठी तशीच कोरी ठेवून दिली.

नवे गोंडे करायला अकरा दिवस लागले. बाबांनी हट्ट धरला की सुरुवात तशीच करायची. नवा पडदा मागवून त्याच्या दोन्ही टोकांची चार बोटं वीण आईने सुईने उसवायला घेतली. व्यवस्थापक ते बघून पांढरेफटक पडले.

"अहो, कोरा पडदा उसवताय?"

बाबांनी त्यांना समोर बसायची खूण केली आणि सांगायला सुरुवात केली. "गोंडा. गोंड्याला गोंडा, गोंडा. गोंडे." आवाज चढत होता, उतरत होता, मध्येच थांबत होता. हवेत डाव्या हाताने त्यांनी माग दाखवला, कापड कापलं, टोकं मोकळी सोडली, मूठ आवळली. घोडा झाला, टोपी झाली. एका ठिकाणी ते स्वतःच हसले. अर्धा तास, एकाच शब्दात, जुनं सगळं व्याख्यान, एकही जागा न गाळता. व्यवस्थापक पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते, मी काही सांगीन म्हणून. नंतर त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडलं आणि मान डोलवायला लागले.

"असं होय," ते शेवटी म्हणाले. "मग उसवा."

काम आईने केलं. मी धागे मोजून दिले. कुठे पीळ सैल पडला की बाबांचा शब्द यायचा आणि आई न बघता तो पुन्हा घालायची. पस्तीस वर्षं ती त्यांच्या शेजारी बसून झालरी कापत होती. मान कशी बांधायची हे ती या अकरा दिवसांत शिकली, की तिला आधीच येत होतं, हे ती मला आजही सांगत नाही.

पडदा चढवला त्या दिवशी आम्ही बाबांना चाकांच्या खुर्चीतून नाट्यगृहात नेलं. सकाळ होती, खुर्च्या रिकाम्या होत्या, फक्त दिवेवाला आणि झाडणाऱ्या दोन बायका. पडदा एकदा वर गेला, एकदा खाली आला. गोंडे जड होते, हेलकावे न घेता सरळ उतरले. झाडणाऱ्या बायका केरसुण्या हातात धरून बघत उभ्या राहिल्या.

व्यवस्थापकांनी खाली वाकून विचारलं, "काय, कसं वाटतंय?"

"बरं," बाबा म्हणाले.

आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. व्यवस्थापकांना काही वेगळं घडलंय हे कळलंच नाही. ते समाधानाने हसून दिवेवाल्याशी बोलायला गेले. बाबाही स्वतःच्या तोंडाकडे हात नेऊन थांबले होते, आत आणखी काही आहे का ते चाचपत असल्यासारखे.

"परत म्हणा," आई म्हणाली.

त्यांना म्हणता आलं नाही. त्या दिवशी नाही. तीन दिवसांनी पुन्हा आलं, मग रोज यायला लागलं. त्यामागून "नको" आलं. पुढे सहा आठवडे काही नाही. आई दुकान पुन्हा उघडून बसली होती, गिऱ्हाइकं यायला लागली होती, बाबा तिच्याजवळ खुर्चीत असायचे. एका सकाळी मी कचेरीला निघाले होते. खिडकीतून टेबलावर पडलेला उजेड सरकत त्यांच्या निकामी उजव्या हातापर्यंत आला होता. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"ऊन," ते म्हणाले.

आईने सुई खाली ठेवली. मी दारातून परत आले. आणि आम्ही तिघंही, आयुष्यात पहिल्यांदाच बघत असल्यासारखं, त्या हातावरच्या उन्हाकडे बघत बसलो.