पांढरा वाटाणा, काळा वाटाणा

फादर इनास मिरांडांना त्या दिवशी सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. मिस्सेची प्रार्थना झाली, चहा झाला, आणि हा माणूस आपला व्हरांड्यात येरझाऱ्या घालतोय! स्वयंपाकघरातून मालन बघत होती. या पत्र्याच्या घरात सगळ्यांसाठी रांधायची ती. मूळची मालवणची, त्यामुळे बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

"फादरांनू, बसा मरे जरा! कितके फेरे मारतल्यात?"

"तू तुझं बघ गं," फादर खेकसले.

आता त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! जीव टांगणीला लागला होता. आठ वर्षांपूर्वी जोगेश्वरीच्या याच घरात त्यांनी आपली मिशनरी संस्था काढली. जिथे कोणी पाऊल टाकत नाही, तिथे जाऊन राहायचं, एवढंच तिचं काम. तेवढ्या काळात पाच तरुण ब्रदर टिकले होते. त्यांना घडवलं फादरांनी, संस्थेचे नियमही लिहिले फादरांनी. आणि त्यातलाच एक नियम आज त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

सुपिरियरची, म्हणजे संस्थेच्या प्रमुखाची, मुदत संपली की ब्रदरांनी गुप्त मत द्यायचं. कागदबिगद काही नाही. प्रत्येकाच्या हातात एक पांढरा वाटाणा आणि एक काळा. एक डब्यात टाकायचा, दुसरा खिशात. पांढरा म्हणजे 'राहा', काळा म्हणजे 'पुरे'. एक जरी काळा निघाला, तरी सुपिरियरने खुर्ची सोडायची. कोणी टाकला हे विचारायचं नाही, मत पुन्हा घ्यायचं नाही. मागच्या खेपेला सगळे पांढरे निघाले होते, तेव्हा फादरांना हा नियम फार झकास वाटला होता.

पण या खेपेला त्यांच्या डोळ्यांसमोर सारखा पास्कू येत होता. मनोरीचा हा पोरगा, समुद्रासारखाच मोकळा, मनात येईल ते बोलून टाकणारा. कांजूरमार्गला कचऱ्याच्या डोंगराशेजारी संस्थेची एक खोली होती. धूर, माश्या, आणि असा वास की घास तोंडात फिरायचा. ब्रदर आळीपाळीने तिथे राहायचे. गेल्याच आठवड्यात पास्कूने जेवताना तोंडावर विचारलं होतं, "फादर, तिथे तुम्ही कधी राहणार? सारखं आम्हालाच पाठवता ना!" फादरांनी हसण्यावारी नेलं. रात्रभर मात्र कूस बदलत होते.

आपण उठलो तर या पोरांना कोण सांभाळणार? संस्था अजून रांगतेय, हात सोडला तर आपटेल. असं ते स्वतःला समजावत होते. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. सुपिरियर नसलेला इनास मिरांडा कसा असतो, हे ते पार विसरून गेले होते.

ब्रदर एकेक करून आत गेले, बाहेर आले. फादरांनी सगळ्यांसमोर डबा टेबलावर पालथा केला.

चार पांढरे. एक काळा.

फादरांनी पास्कूकडे असं काही पाहिलं की पास्कूने मान खाली घातली.

"आत उजेड कमी आहे," फादर म्हणाले. "कोणाच्या तरी हाताची गफलत झाली असणार. परत घेऊ."

ब्रदर सांतान म्हणजे गरीब गाय. फादरांचा शब्द कधी खाली पडू न देणारा. तोच चाचरत बोलला, "फादर, पण नियम..."

"नियम मी लिहिलाय!"

झालं! बोलून गेले. पोरं एकमेकांकडे बघत राहिली, मग गुपचूप आत गेली. फादर परत व्हरांड्यात. पाय थांबत नव्हते, आणि या वेळी मालनने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

दुसऱ्यांदा डबा पालथा झाला. पाचही वाटाणे काळे निघाले.

फादर मटकन खाली बसले.

"मघाशी मी पांढरा टाकला होता, फादर," पास्कू म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "देवाशप्पथ. मला तुम्हीच हवे होतात. पण नियम माझा नाही, तुझा नाही, सगळ्यांचा, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग आता कसा टाकू पांढरा?"

सांतान तर चक्क रडत होता. फादरांना त्या पोरांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांना उठून मिठी मारावीशीही वाटली. पहिला काळा कोणाचा होता, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही.

दुपारी ब्रदरांनी पास्कूला सुपिरियर निवडलं. फादर आपल्या खोलीत गेले आणि खाटेखालून ट्रंक ओढली. आठ वर्षांत ती हललीच नव्हती, खालच्या लादीवर गंजाचा चौकोन उमटला होता. संस्थेत रीत होती. ज्याला पाठवायचं त्याने ट्रंक घेऊन सुपिरियरसमोर उभं राहायचं आणि विचारायचं. हीसुद्धा फादरांनीच घातलेली.

"ब्रदर सुपिरियर, मला कुठे पाठवता?"

पास्कू मोठ्या मुश्किलीने म्हणाला, "कांजूरमार्गला."

फादरांच्या ओठांवर 'पण' आलं. ते त्यांनी गिळलं, आणि ट्रंक उचलली.