मधातलं क्वार्टर

डोक्यावर भांड्यांचं टोपलं घेऊन भीमाबाई तरातरा चालत क्वार्टरांच्या ओळीत पार शेवटच्या दारापाशी गेली. मागून टिकाराम हाका मारत होता.

"अवं, तिकडं नाई! आपलं क्वार्टर हे हाये."

"ते? मधात?"

नवऱ्याने काहीतरी घोळ घातला, असंच तिला वाटलं. गावी त्यांची घरं शिवेपाशी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कुणी मधे राहू दिलं नव्हतं.

"सरकारी कारखाना हाये, नंबर लागला तसं देलं," टिकाराम म्हणाला. "जात कोणी पुसली नाई."

"सायबानं नाई पुसली, शेजारीण पुसन. कोणी तोंड फिरवलं, का मी माघारी लेबर कॅम्पात. सांगून ठेवतो."

तो ड्यूटीवर गेला. भीमाबाई दोन खोल्यांतून झोपेत चालावं तशी फिरत राहिली. भिंतीवर तळवा टेकला, तर चुना हाताला आला. तिने नळ उघडला, बंद केला, उगाच पुन्हा उघडला. दिवेलागणीला पोलादाच्या भट्टीतली लालभडक वितळलेली मळी कुठेतरी ओतली गेली आणि आभाळ शेंदरी झालं. त्या उजेडात भिंती, दार, तिचे हात, सगळं हलकं होऊन तरंगू लागलं. मोठ्याने बोललं तर हे घर उडून जाईल, अशी तिला भीती वाटली.

दाराची कडी वाजली. शेजारच्या क्वार्टरातल्या विजयाबाई, वर्ध्याकडच्या एका कारकुनाची बायको, बादली घेऊन उभ्या होत्या.

"आमच्या नळाले पाणीच नाही येऊन राहिलं. एक बादली भरू का?"

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मूठ झाकून भिंतीला भिंत लावून राहायचं कसं?

"भरा. पण आधी आयका, बाई. आमी बौद्ध आहो."

विजयाबाईंनी वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"नळ तर सरकारी आहे," त्या हळूच म्हणाल्या आणि आत येऊन त्यांनी बादली नळाखाली ठेवली.

भीमाबाईला ते झोंबलं. मग हसूही आलं.

"घर बी सरकारीच हाये," ती म्हणाली. "बसा, चहा ठेवतो."

विजयाबाई भरत चाललेल्या बादलीकडे बघत राहिल्या. काठोकाठ भरल्यावर त्यांनी नळ बंद केला.

"आज नको. उद्या पाहू."

"पाहा सवडीनं," भीमाबाई म्हणाली. "मी इथंच हाये."